पुढच्या दातांची कवळी, अडणारा ‘स’ आणि मटेरियलचा प्रश्न

प्रश्न गोव्यातल्या डिचोलीच्या एका मुलीचा आहे. आईचं वय ६३. दोन महिन्यांपूर्वी वरचे पुढचे चार दात काढले आणि लगेच ॲक्रिलिकची काढघालीची कवळी बसवली. तेव्हापासून ‘स’ चा ‘श’ होतो, मधेच बारीक शिट्टी वाजते, ‘चांगलं’ म्हणताना जीभ अडते. आई गावच्या महिला भजनी मंडळात गाते, पण आता मागे बसून नुसते टाळ वाजवते. एका डॉक्टरांनी फ्लेक्सिबल कवळी सुचवली, दुसऱ्यांनी मेटलची, आणि मुलगी विचारतेय की कुठल्या मटेरियलने बोलणं सुधारेल.

मी प्रोस्थोडॉन्टिस्ट आहे, म्हणजे कवळ्या, कॅप, ब्रिज हेच माझं रोजचं काम, बांबोळीच्या डेंटल कॉलेजात शिकले आणि गेली वीसेक वर्षं बार्देशात प्रॅक्टिस करतेय. मागे बसून टाळ वाजवते हे वाचलं आणि ठरवलं की दोन ओळींत उत्तर द्यायचं नाही.

आधी काय करायचं ते सांगते, कारण मग खाली मोठं लिहिलंय. आज लगेच नवीन कवळी करू नका, ना फ्लेक्सिबल ना मेटल. आहे तीच कवळी डॉक्टरांकडे घेऊन जा आणि पुढच्या दातांच्या मागची, टाळूकडची जाडी मोजायला सांगा. बहुतेक तिथेच घोळ असतो आणि तो पंधरा मिनिटांत घासून कमी करता येतो. दात काढल्यावर पहिले तीन ते सहा महिने तिथलं हाड आणि हिरडी भराभर झिजते, त्यामुळे आत्ता जी काही महागाची कवळी कराल ती दिवाळीपर्यंत सैल होईल. हिरडी बसली की मग पक्की कवळी, आणि तुमच्या आईंच्या बाबतीत माझं मत मेटलकडे आहे, पण अटी घालून. त्या अटी जास्त महत्त्वाच्या आहेत.

आता हे का ते बघूया. तुम्ही स्वतः आत्ता हळूच ‘स्सss’ असं म्हणून बघा आणि जीभ कुठे जाते त्याकडे लक्ष द्या. जिभेच्या दोन्ही कडा वरच्या दाढांना चिकटतात, मधे पन्हळीसारखी खोबण होते, आणि हवा पुढच्या दातांच्या मागे जो उंचवटा आहे तिथल्या अगदी बारीक फटीतून दातांच्या टोकांवर आपटते. ती फट एखाद मिलिमीटरची. सगळा ‘स’ त्या फटीत आहे. तिथे दोन-अडीच मिलिमीटरची प्लेट आली की जिभेचं आयुष्यभराचं गणित चुकतं. फट जास्त अरुंद झाली तर शिट्टी वाजते, जीभ बिचकून मागे सरली आणि फट पसरट झाली तर ‘श’ ऐकू येतो. आईंना दोन्ही होतंय म्हणजे जीभ अजून जागा शोधतेय, कधी पुढे कधी मागे.

आणि आपल्या भाषेचा प्रश्न वेगळा आहे, हे आमच्या इंग्रजी पुस्तकांत येत नाही. मराठीत च, ज, झ चे दोन-दोन उच्चार आहेत. ‘चिमणी’ मधला च आणि ‘चूल’ मधला च एकच नव्हे, ‘जेवण’ आणि ‘जावई’ तसंच. चूल, चांगलं, जावई, झाड हे उच्चार जीभ अगदी पुढे, दातांच्या मुळापाशी टेकवून होतात, म्हणजे नेमके जिथे प्लेटची जाडी असते तिथे. कोकणीतही हे उच्चार आहेतच, त्यामुळे घरी कोकणी आणि देवळात मराठी बोलणाऱ्या आपल्या लोकांची दोन्हीकडे पंचाईत. त, थ, द, न तर दातांच्या मागच्या बाजूला जीभ टेकवूनच होतात. म्हणून ‘चांगलं’ ला अडणं हे आईंच्या वयाचं किंवा हट्टाचं लक्षण नाही.

सवयीचा भाग असतो, तो नाकारत नाही. नवीन कवळी घातली की तोंडाला ती खायची वस्तू वाटते, लाळ सुटते, पहिले चार-पाच दिवस बोलणं ओलं-ओलं येतं, मग हळूहळू जीभ शिकते आणि बहुतेकांचं दोन-तीन आठवड्यांत, फार तर महिन्याभरात जमतं. ऐकू कमी येत असेल तर जास्त वेळ लागतो कारण स्वतःची चूक स्वतःच्या कानाला कळत नाही, तेवढं एकदा तपासून घ्या. पण दोन महिने झाले आणि अजून तेच असेल तर ‘सवय होईल हो’ हे वाक्य आईंना परत कोणी सांगू नये. आता दोष कवळीत शोधायचा.

मटेरियलचं म्हणाल तर बोलण्याच्या दृष्टीने मटेरियल म्हणजे तीन गोष्टी: ते किती पातळ करता येतं, त्याची कड कुठे संपते, आणि बोलताना ते जागच्या जागी राहतं का. नाव काहीही असो.

ॲक्रिलिक घ्या. १९३७ पासून कवळ्यांत वापरात आहे, त्याआधी काळपट लाल रबराच्या कवळ्या असत. स्वस्त, हलकं, दुरुस्त करता येतं, आणखी एक दात गेला तर त्याच कवळीत जोडता येतो, मला स्वतःला हे मटेरियल आवडतं. पण ते ठिसूळ आहे. दोन मिलिमीटरच्या खाली गेलात की चावताना मधोमध तडकतं, म्हणून लॅबवाला सांभाळून जाडच ठेवतो. खरी अडचण अजून वेगळी आहे. दात लावताना ते धरून ठेवायला त्यांच्या मागे मेण चढवतात आणि नंतर त्या मेणाच्या जागी ॲक्रिलिक येतं. टाळूच्या मध्यावर दोन मिलिमीटर असलेली प्लेट दातांच्या मागे चार मिलिमीटर होऊन बसते, जिन्याच्या पायरीसारखी. पेशंटला वाटतं अख्खी कवळी जाड आहे, खरी जाड असते ती तेवढी पायरी.

हे मी एका पेशंटकडून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत फोंड्याकडच्या एक शाळामास्तरीण बाई आल्या होत्या, वरचे दोन पुढचे दात गेलेले, रिटायर व्हायला तीन वर्षं. मी ॲक्रिलिकची प्लेट करून दिली, आरशात दाखवली, छान दिसत होती, बोलायला लावलंच नाही. दहा दिवसांनी आल्या आणि म्हणाल्या, डॉक्टर, वर्गात मी आता फळ्यावर लिहिते, बोलत नाही. गेज लावून जाडी मोजली तर दातांच्या मागे साडेचार मिलिमीटर. चूक लॅबची होती असं म्हणता आलं असतं पण तपासून घेणं माझं काम होतं. तिथल्या तिथे बर, म्हणजे घासायचं फिरतं टोक, लावून घासली, मधे-मधे बोलायला लावत घासली, दोन मिलिमीटरवर आणली, परत पॉलिश केली. बाईंनी खुर्चीतच एक ते शंभर आकडे म्हटले. तेव्हापासून माझ्या ट्रेमध्ये जाडी मोजायचं गेज असतंच.

आकड्यांवरून सांगते, घरी करता येण्यासारखी टेस्ट आहे. इंग्रजीत सिक्स्टी ते सेव्हन्टी मोजायला लावतात, कारण त्यात ‘स’ भरपूर. आपल्याकडे नशिबाने तेच आकडे चालतात. साठ, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट, पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट. साठ सोडला तर प्रत्येकात स आणि ष्ट, म्हणजे जीभ पुढून एकदम मागे वळते. आईंना मोबाईलवर हे रेकॉर्ड करायला सांगा, कवळी घालून एकदा, काढून एकदा. मग दात असतानाची जुनी व्हॉट्सॲप व्हॉइस नोट किंवा भजनाचा एखादा व्हिडिओ शोधा. हे तीन तुकडे घेऊन डॉक्टरांकडे गेलात तर ‘बोलणं बरोबर येत नाही’ या तक्रारीपेक्षा त्यांना शंभरपट जास्त कळेल. मी तर हल्ली दात काढायच्या आधीच पेशंटचं दोन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवते.

आता मेटल. हे कोबाल्ट-क्रोमियमचं कास्टिंग, साधारण १४०० अंशांच्या आसपास वितळवून साच्यात ओतलेलं. ताकद इतकी की टाळूवरची प्लेट अर्ध्या मिलिमीटरची करता येते, म्हणजे ॲक्रिलिकच्या पाव भाग. जड असेल असं लोकांना वाटतं, पण इतकी पातळ असते की तोंडात वजन जाणवत नाही. शिवाय पुढच्या दातांच्या मागे टाळूवर ज्या आडव्या सुरकुत्या असतात, जीभ ज्या खुणांवरून आपली जागा ओळखते, त्या मेटलमध्ये जशाच्या तशा उठवता येतात. गुळगुळीत प्लेटवर जीभ घसरते, सुरकुत्या मिळाल्या की तिला ओळखीचं वाटतं. गरम-थंड पण कळतं, ॲक्रिलिकखाली टाळू बधिर झाल्यासारखा वाटतो तसं होत नाही. आणि मेटलच्या कवळीला शेजारच्या दातांवर टेकणारे छोटे रेस्ट असतात, त्यामुळे ती हिरडीत रुतत नाही, बोलताना हलत नाही.

पण नुसतं मेटल म्हटलं की झालं असं नाही, आणि इथे पैसे घालवून निराश झालेले लोक मी दर महिन्याला बघते. दात काही मेटलला चिकटत नाहीत, ते जाळीवर ॲक्रिलिकनेच बसवतात, आणि जिथे मेटल संपून ॲक्रिलिक सुरू होतं तो जोड जर दातांच्या खूप मागे आला तर तीच पायरी परत, फक्त महाग. म्हणून माझी पहिली अट अशी की तो जोड दातांच्या जितका जवळ आणता येईल तितका आणायचा आणि मेटलशी सपाट करायचा, जिभेला कळता कामा नये. दुसरी अट, प्लेटची पुढची कड सुरकुतीच्या उंचवट्यावर संपवायची नाही, दोन सुरकुत्यांच्या मधल्या खाचेत संपवायची. तिसरी, घोड्याच्या नालेच्या आकाराची प्लेट शक्यतो टाळायची. ही नाल फसवी असते. टाळूचा मधला भाग मोकळा म्हणून पेशंटला बरी वाटते, पण त्यात सगळं मटेरियल पुढे येतं, जिथे स, च, ज, न, ल तयार होतात, आणि तिची मागची कड ट, ठ, ळ, ण च्या वाटेत. मधला टाळू बोलण्याला त्यामानाने कमीच लागतो. बाजूच्या दाढा गेल्या असतील तर मी पुढचा भाग पूर्ण मोकळा सोडून मधोमध रुंद पातळ पट्टी देते. आईंचे पुढचेच दात गेलेत, त्यामुळे पुढे काहीतरी यावंच लागणार, मग ते पातळ आणि सुरकुत्यांसकट असावं.

मेटलच्या उण्या बाजू पण ऐकून ठेवा. एकदा कास्ट झालं की घासून फारसा बदल होत नाही, त्यामुळे आधी विचार करून डिझाईन लागतं, आणि पुढे आणखी दात गेला तर जोडणं कटकटीचं. काही मिश्रधातूंत निकेल असतं, आईंना खोट्या दागिन्यांनी कान चिघळत असतील तर डॉक्टरांना सांगा, निकेल नसलेलं मिश्रण किंवा टायटेनियम मागवता येतं.

फ्लेक्सिबल, म्हणजे नायलॉनची. आमच्याकडे हल्ली सगळे हेच मागतात, कारण तार दिसत नाही, हूक पण गुलाबी, पडली तर फुटत नाही. बाजूची एक-दोन दाढ गेली असेल तर मी पण देते आणि लोक खूश असतात. पुढच्या चार दातांसाठी, आणि ती पण गाणाऱ्या बाईला, मी देणार नाही. कारण असं की नायलॉन अर्ध्या मिलिमीटरचं होत नाही, दीड-दोन लागतंच, नाहीतर फारच लवचिक होतं. म्हणजे जाडीचा फायदा ॲक्रिलिकपेक्षा फारसा नाही. त्यात जीभ दाबली की ते थोडं वाकतं, ‘त’ म्हणताना जिभेला जी टणक भिंत हवी ती मिळत नाही. दातांवर टेकणारे रेस्ट बहुधा नसतात त्यामुळे हळूहळू हिरडीत बसतं. आणि सर्वात मोठी अडचण क्लिनिकमधली, घासायला गेलं की त्याचे तंतू निघतात, कड खरखरीत होते, नीट पॉलिश करायला लॅबलाच पाठवावं लागतं. ॲक्रिलिक मी पेशंटला बोलायला लावत-लावत घासू शकते, नायलॉन नाही. ज्या कवळीत बोलण्यासाठी बारीक-बारीक दुरुस्त्या लागणार आहेत तिथे न घासता येणारं मटेरियल कशाला घ्यायचं? हिरडी झिजल्यावर आतून भरणं, ज्याला आम्ही रिलाइन म्हणतो, ते पण नायलॉनवर नीट होत नाही. आईंची हिरडी तर अजून झिजतेय.

घासायची ती जागा कशी शोधतात ते पण सांगते, कारण हे तुम्ही डॉक्टरांना करायला सांगू शकता, वेगळं मशीन लागत नाही. कवळी धुऊन कोरडी करायची, टाळूकडच्या बाजूला, म्हणजे जिभेला लागते त्या बाजूला, पांढऱ्या पावडरचा पातळ थर भुरभुरायचा आणि अलगद तोंडात बसवायची. पेशंटने आधी कवळीला जीभ न लावता एकच अक्षर म्हणायचं, ‘स’, आणि लगेच तोंड उघडायचं. कवळी बाहेर काढली की जिथे जीभ लागली तिथली पावडर पुसलेली असते. चांगल्या ‘स’ ला दोन्ही बाजूंना पुसलेले पट्टे आणि पुढे मधोमध पावडरची एक अरुंद वाट शिल्लक राहते, हवेची वाट. वाट बंद दिसली तर तिथे जाडी आहे, तेवढंच घासायचं. १८७० च्या दशकात लंडनच्या ओकले कोल्स नावाच्या डेंटिस्टने पीठ आणि डिंक लावून असंच केलं होतं.

आईंना माझ्याकडे आणलं असतं तर मी ‘स’ नंतर ‘विठ्ठल’ म्हणायला लावलं असतं. भजनात सारखा येणारा शब्द, आणि त्यात ‘ठ्ठ’ ला जिभेचं टोक वर वळून पुढच्या उंचवट्याच्या मागे आपटतं, मग लगेच ‘ल’ ला पुढे येतं. प्लेटची मागची कड जाड आणि उभी असेल तर ‘ठ्ठ’ ला जीभ त्या कडेवरच अडखळते. ती कड उतरती केली की झालं, कागदासारखी पातळ होत जाणारी. पेडण्याचे एक नाटकवाले आले होते, गावच्या जत्रेतल्या नाटकात दरवर्षी राजाचं काम करायचे, जत्रा आठ दिवसांवर, आणि त्यांचे ट-ठ अडत होते. फक्त मागची कड उतरवली, बाकी कवळीला हात लावला नाही. संवाद क्लिनिकमध्येच म्हणून दाखवले, बाहेर बसलेले पेशंट डोकावून बघायला लागले.

जाडी कमी करूनही सुटलं नाही तर दातांची जागा बघावी लागते, ते मटेरियलचं काम नव्हे. ‘फोन’, ‘फाईल’ म्हणताना वरच्या दातांची टोकं खालच्या ओठावर हलकी टेकतात. दात लांब झाले तर ‘फ’ चा ‘व’ ऐकू येतो. दात खूप आत बसवले तर ‘त’ आणि ‘द’ चा घोळ. नवीन कवळी करताना मेणातली ट्रायल असते, तेव्हाच आईंना पाच मिनिटं बोलू द्या, नुसतं आरशात हसून ‘बरी दिसते’ म्हणून उठू नका. मेणात दात हलवायला दोन मिनिटं लागतात, ॲक्रिलिक झाल्यावर नवीन कवळी लागते.

खालच्या कवळीचं थोडक्यात, कारण आईंना ती नाही पण वाचणाऱ्या कुणाला असेल. काही लोक ‘स’ म्हणताना जिभेचं टोक खालच्या दातांच्या मागे ठेवतात, त्यांना वरच्यापेक्षा खालची प्लेट जास्त छळते. तिथे मेटलची बारीक दांडी उत्तम, पण दातांच्या हिरडीपासून खाली सात-आठ मिलिमीटर जागा लागते, नसेल तर पातळ मेटल प्लेट.

तर आईंचा क्रम असा. या आठवड्यात आहे ती ॲक्रिलिकची कवळी पावडर लावून तपासून घासून घ्या. तडकेल अशी भीती डॉक्टरांनी दाखवली तर सांगा की तडकली तर तडकली, पुढे पक्की करायचीच आहे, तोवर बाई गाऊ दे. सैल झाली असेल तर आतून रिलाइन करून घ्या, कारण हलणारी कवळी धरून ठेवायला जीभ धडपडते आणि मग बोलायला जीभ मोकळी राहत नाही. चिकटवायची पावडर-पेस्ट रोजची सवय करू नका. रोज सकाळी पेपरमधली एक बातमी मोठ्याने, हळू वाचायची, ‘स’ चुकला तर शब्द परत. पाण्याचे घोट घेत-घेत. अभंग आधी चाल न लावता नुसते म्हणायचे, मग संथ चालीत, द्रुत शेवटी, कारण वेगात जीभ जुन्या जागा शोधते. सराव कवळी घालूनच, ती काढून केलेला सराव उपयोगाचा नाही. रात्री काढून पाण्यात ठेवायची.

चार महिन्यांनी हिरडी बसली की मेटलची करा आणि वरच्या तीन अटी कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या. राग मानणारे कमी असतात, मी तर अशा पेशंटची वाट बघते. आणि घासून आल्यावर साठ ते सत्तर परत रेकॉर्ड करून मला पाठवा, ऐकून सांगते अजून कुठे घासायला हवं ते.